दुमडलेले कोपरे

प्रिय चिमणे,

पत्राचं वळणदार अक्षर बघून म्हातारी लिहायला शिकली असं वाटलं असेल, तर तसा चमत्कार झालेला नाही. आजोबांच्या उर्दू वर्तमानपत्रातले कातिबजी समोर बसलेत. एकेकाळी अख्खा पेपर छपाईआधी हाताने लिहून काढायचे; संगणक आला आणि बोटं रिकामी झाली. आता मी बोलते, ते लिहितात, आणि हळूच माझी वाक्यं सुधारायला बघतात. सुधारू नका म्हटलं, तर विचारतात, हेही लिहू का? लिहा म्हटलं!

तुला वाटतं, आजोबा एकटे बसून कादंबऱ्या लिहायचे. तसं त्यांनाही वाटायचं. पेपरात दिवसभर जगाच्या भानगडी लिहून माणूस घरी यायचा आणि सकाळी लिहिलेली पानं मला वाचून दाखवायचा. मी शिवणयंत्रावर. यंत्र चालूच राहिलं तर पान नापास, थांबलं तर पास. नापास पानाचा वरचा कोपरा ते दुमडून ठेवायचे. दुमडलेलं पान कातिबजींकडे कधी गेलं नाही. फेकायचे मात्र नाहीत. म्हणायचे, चुकाही माझ्याच आहेत, राहू देत घरात.

आणि गेल्या आठवड्यात फोनवर तू मोठ्या कौतुकाने सांगितलंस, की त्यांच्या शेवटच्या कादंबरीतल्या शेवटच्या प्रकरणाचे सगळे कोपरे मुडपले होते, ते जाड पुस्तकाखाली दाबून तू छान सरळ केलेस. तुला लहानपणापासून चादरीवरची सुरकुतीही खपत नाही, ठाऊक आहे मला. पानं देताना वाटलं होतं, घड्या बघून तू विचारशील. तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. ही कादंबरी छापता यावी म्हणून तू उर्दू शिकलीस, मला स्वतःचं नाव लिहिलेलं ओळखता येत नाही. कुठलं पान खरं, हे मी कोण सांगणार? आठवडाभर गप्प बसले. मी, आठवडाभर! शेजारीण तब्येतीची चौकशी करून गेली.

त्या प्रकरणात बातमी छापल्याबद्दल दोन वर्षं तुरुंगात काढलेला नवरा घरी येतो, आणि बायको रडत धावत जाऊन दार उघडते. त्यांनी वाचलं, यंत्र थांबलं नाही. जाम चिडले. मी म्हटलं, मी कुठे धावले होते? दार वाजलं तेव्हा माझ्या हातात एका गिऱ्हाइकाचा शर्ट होता, काज अर्धं झालेलं. ते मी पुरं केलं, दोरा तोडला, मग उठले. दोन वर्षं प्रत्येक वेळी दाराशी दुसरंच कुणीतरी निघालं होतं. काज होईपर्यंत तरी बाहेर तेच आहेत, असं मानता येत होतं. एवढं ऐकून त्यांनी पानं परत हातात घेतली. मग एकेक कोपरा दुमडला.

नवं प्रकरण लिहायला हातात ताकद उरली नव्हती. इस्पितळात आठ दिवस, रोज दुपारी, त्यांनी ते मला तोंडी सांगितलं आणि वाक्यन् वाक्य परत म्हणून घेतलं. एक शब्द हलला की पहिल्यापासून. म्हणाले, आता माझी वही तूच. पुढे कुणी वहीला विचारलं नाही, आणि वही काही आपणहून बोलत नाही. पण सोमवारी तुझी छपाई सुरू होतेय, म्हणून आज बोलतेय. ती बाई दाराकडे धावत गेलेली मी छापू देणार नाही. सोबत अकरा पानं आहेत, मी सांगितलेली, कातिबजींच्या हातची. हा खरा शेवट. खात्री हवी असेल तर तू सरळ केलेले कोपरे उजेडात धर, घडीची रेघ पुस्तकाखाली मरत नाही. तरीही एखादा शब्द त्यांचा वाटला नाही, तर ही अकरा पानं घेऊन इकडे ये आणि मला वाचून दाखव. यंत्राला तेल घालून ठेवलंय.

तुझीच, न शिकलेली पण सगळं पाठ असलेली,
आजी