शेवट पोचत नाही

१९ नोव्हेंबर २०१८, सोमवार
भोपाळला पोचलो एकदाचा. नाशिकच्या युनिटमध्ये बावीस वर्षं काढल्यावर बदलीचा कागद आला, तेव्हा सुहासिनीने तोंड पाडलं होतं. पण ही टाउनशिप पाहून मी तर बुवा खूश आहे. क्वार्टरपुढे अंगण, मागे पेरूचं झाड, रस्ते इतके रुंद की दोन ट्रक गप्पा मारत जातील. लेकीची बारावी मार्चमध्ये संपली की दोघी इकडे येणार. तोवर रोज संध्याकाळी सातला फोन. ही वहीसुद्धा सुहासिनीनेच दिली. म्हणाली, तिकडे भांडायला कोणी नाही, तर वहीशी भांडा.

२० नोव्हेंबर
कामाचं लिहून ठेवतो, तिला सांगायला बरं पडेल. टेस्ट-बेडवर एक अवाढव्य पंखा फिरतो. त्याच्या पात्यांवर कॅमेरा रोखलेला. कॅमेऱ्यापासून कॉम्प्युटरपर्यंत यूएसबीची दहा मीटर केबल. एवढ्या लांब येता येता सिग्नल दमतो, म्हणून मध्ये एक बूस्टर बोर्ड बसवलंय, दमलेल्याला पुन्हा जोर देणारं. तरी चित्र जातं. का जातं ते मी शोधायचं.

चारशे मिलिव्होल्ट म्हणजे तब्येत ठणठणीत. दीडशेच्या खाली गेलं की कॉम्प्युटरला वाटतं, कोणी बोलतच नाहीये. आणि जोर जास्त देऊन सहाशेच्या वर नेलं तर त्याला वाटतं, केबल उपटली, कॅमेरा गेला. गेला की आहे, हे तो तपासतो निरोपाच्या अगदी शेवटच्या टोकाला. मधलं कितीही चांगलं असो, शेवट बिघडला की संपलं.

माझ्याआधी हे काम काशिनाथ देव बघत. अक्षर मोत्यासारखं. रजिस्टरमधला त्यांचा अखेरचा शेरा दोनच शब्दांचा: ‘दोष बोर्डात’. ते आता कुठे असतात, असं टेक्निशियन विजयला विचारलं. म्हणाला, वो तो गए, साहब. कुठे गेले? बस, गए. इथल्या लोकांना वाक्य पूर्ण करायचा कंटाळा दिसतो.

२६ नोव्हेंबर
देवांच्या शेऱ्यावर विश्वास ठेवून बोर्ड बदललं. मग दुसरं बदललं. जोर ठरवणारा रेझिस्टर महाराणा प्रताप नगरच्या दुकानातून स्वतः जाऊन आणला, कारण स्टोअरच्या भरवशावर बसलो असतो तर रिटायरच झालो असतो. पण पातळी रोज उतरतेय: तीनशे ऐंशी, तीनशे चाळीस, आज दोनशे नव्वद. स्कोपच्या पडद्यावर निरोपाची सुरुवात छान उभी राहते आणि शेपूट बसतं. सेक्शनच्या प्रमुख शकुंतला मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, देवसाहेबांचंही असंच व्हायचं. बोर्डाचं ना, असं मी विचारलं. त्यांनी फाइल उघडली.

२९ नोव्हेंबर
डोकं फिरलंय. इस्टेट ऑफिसचा क्लार्क विलास परवा विचारायला आला होता की एकट्या माणसाला एवढं क्वार्टर कशाला, लहान देऊ का? मी स्वच्छ सांगितलं, सोडणार नाही. आज पत्र आलं: क्वार्टर सोडण्यास आपली संमती आहे. तरातरा गेलो आणि त्याला झाडला. बिचारा नागपूरकडचा, कान पकडून म्हणाला, भाऊ, तुम्हीच तर म्हणालात, सोडणार. विजयही तिथे होता. त्यानेही तेच ऐकलं होतं.

३ डिसेंबर
कालचा सातचा फोन. आवाज खोल येतोय, आजारी आहात का, असं सुहासिनीने विचारलं. म्हटलं, आजारी नाही. ती रडायलाच लागली. आजारी आहात आणि इतके दिवस लपवलंत, म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. ती आणखी रडली.

आज साकेत नगरला जाऊन घसा दाखवला. डॉक्टर म्हणाले, घसा उत्तम आहे. मी ‘पण माझा आवाज’ असं काहीतरी सांगत होतो, तेवढ्यात त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

५ डिसेंबर
देवांचं रजिस्टर खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. ‘दोष बोर्डात’ याच्या पुढे शाई नाही. पण कागद दबलेला आहे. बोट फिरवलं तर अक्षरं लागतात.

‘नाही’.

दोष बोर्डात नाही. देवांनी लिहिलं होतं. पोचलं नाही.

मला भीती वाटतेय. इथे लिहायला काय हरकत आहे, इथे तरी मी पूर्ण वाक्य लिहितो.

७ डिसेंबर
एकशे सत्तर. कॅन्टीनमध्ये चहा तीनदा मागितला. शेवटी स्वतः ओतून घेतला, कोणी हटकलं नाही. शकुंतला मॅडमच्या टेबलासमोर दहा मिनिटं उभा होतो. त्यांनी माझ्यातून पलीकडे विजयला हाक मारली.

विजय आला. माझ्या खुर्चीवर बसला.

१० डिसेंबर
फोन. हळू बोललो तर ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. मग जोर लावला. सगळा. जीव खाऊन ओरडलो: सुहास, मी गेलो नाही!

पलीकडून तिने लेकीला मारलेली हाक. मग ते रडणं. माझी लेक असं रडते हे मला माहीत नव्हतं.

पुन्हा लावतोय. उचलत नाहीत—

११ डिसेंबर
मधली पातळी सापडायला हवी. ना कमी ना जास्त. दिवसभर रिकाम्या क्वार्टरमध्ये बोलून पाहिलं. भिंतीला काय कळतंय—

दुपारी विलास आला. कुलूप उघडून. माझ्याशेजारी उभा राहून पंखे, बल्ब, नळ मोजले. बरोबरच्या माणसाने विचारलं, कौन रहता था? विलास म्हणाला, थे एक, गए.

मी त्याचा हात धरला. त्याने खाजवला.

१३ डिसेंबर
सुहास आली आहे. लेकीला घेऊन. सामान न्यायला.

ती थकलीय. मी सोफ्यावर तिच्या बाजूला बसलो. तिने माझा स्वेटर घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. मी कानाशी बोललो— काही नाही. ओरडायची हिंमत नाही. मागच्या वेळी ओरडलो त्याचंच हे झालंय.

लेक बाबांचा वास येतोय म्हणाली. सुहास म्हणाली, येणारच गं. मला इतकं बरं वाटलं— आणि मग इतकं वाईट—

१४ डिसेंबर
सकाळ. टेंपो दारात आहे. वही ट्रंकेत घालायला तिने उचलली होती, उघडली, पानं चाळली. कपाळाला आठ्या घालून पाहत होती. म्हणजे काहीतरी दिसतंय. दिसतंय!

पण अर्धंमुर्धं. पाचव्या तारखेच्या पानावर बोट फिरवत होती. हलकं लिहिलं की शाई उमटत नाही. दाबलं की कागद फाटतो— फाटलाच आत्ता, कोपरा—

वही उघडी ठेवून आत गेली. लेक तिला बोलावते आहे. येईल. एकच ओळ. नीट. बेताने.

पाऊल वाजतंय—

शेवट पोचत नाही, तर मुद्द्याचा शब्द आधी टाकायचा. इतके दिवस कसं सुचलं नाही. इथली माणसं बोलतात तसं, हिंदीच्या चालीवर: नहीं गया. आधी टाकायचा—

ती वाकली आहे. वाचते आहे.

सुहास, मी नाही