मुराळी गेला नाही

आबा, परवा मी आक्काच्या गावात भाषण केलं. तिचा मुलगा पलटणीतून निवृत्त होऊन कायमचा घरी आला आहे. त्यानं आईच्या नावानं गावच्या शाळेला पुस्तकांची दोन कपाटं दिली आणि ती उघडायला मामाला बोलावलं. तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत तेव्हा तो रांगत होता. आता त्याच्या मिशा पिकायला लागल्यात. माझी ओळख करून द्यायला तो उभा राहिला, आणि बोलायची सवय नसलेली माणसं बोलतात तसं एका दमात बोलला, ‘‘आमच्या मामांचं मी काय सांगू? कोरोनात पंचमीला आईला न्यायला यायचं होतं, पर पोलिसांनी पास दिला न्हाई. मामांनी मनात आणलं असतं तर धा ओळखी काढल्या असत्या. न्हाई काढल्या. आई दवाखान्यात जाईपर्यंत समद्यास्नी हेच सांगायची, माझ्या भावानं नियम मोडला न्हाई.’’ मांडवभर टाळ्या झाल्या. मी उठलो, माईक जरा खाली ओढला आणि वाचनावर तासभर बोललो. आवाज कुठंही अडखळला नाही.

पास मिळाला होता, आबा.

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तेव्हा आधी हे पासाचं काय ते सांगतो. माणसांच्या श्वासातून पसरणारा एक आजार आला आणि सरकारनं सगळ्यांना घरात बसवलं. एस.टी. आगारात उभ्या राहिल्या, त्यांच्या चाकांखाली गवत वाढलं. गावोगावच्या पोरांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून वेशी बंद केल्या. मुंबईहून आलेल्या सख्ख्या भावाला लोकांनी शाळेच्या खोलीत ठेवून लांबून ताट सरकवलं. साताऱ्याहून सांगलीत जायचं तर कराडच्या पुढं जिथं जिल्ह्याची हद्द लागते, तिथं पोलीस उभे. कुठं जाणार, कशाला, कुठल्या गाडीनं, हे आधी कळवायचं. त्यांनी मान्य केलं तर फोनवर पास यायचा. तुमची सून तेव्हा पुण्यात लेकीकडं अडकली होती. मी साताऱ्यात एकटा, भिंतीला लागून असलेल्या पुस्तकांच्या सोबतीत. महिनोन्‌महिने सभा नाही, समोर माणूस नाही. ज्याला रोज शंभर माणसांसमोर उभं राहायची सवय, त्यानं कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायचं. एकदा मी आरशासमोर उभा राहून बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला लाज वाटून थांबलो.

मुराळी म्हणून जाणं काय असतं, हे तुम्ही मला एकदाच शिकवलंत. आक्काच्या लग्नानंतरची ती पहिली पंचमी. तिला आणायला मी कवठे महांकाळला जायचं ठरलं होतं, आणि त्याच दिवशी सांगलीत कॉलेजांची वक्तृत्व स्पर्धा होती. मी मनाशी हिशेब केला की आक्का काय, चार दिवसांनी येईल. सांगलीला उतरलो, बोललो, पहिला आलो आणि कप घेऊन थेट साखर कारखान्यात तुमच्याकडं आलो. पावसाळ्यात कारखाना बंद असतो, सगळी यंत्रं उघडून ठेवलेली असतात. तुम्ही मिलच्या रोलरखाली उताणे पडून काही तरी घट्ट करत होता. नुसते पाय दिसत होते. मी कप पुढं धरून उभा. तुम्ही बाहेर आलात, कपाकडं पाहिलं, माझ्या मागं पाहिलं आणि विचारलंत, ‘‘आक्का कुठाय?’’

मी स्पर्धेचं सांगू लागलो. तुम्ही कापसाच्या चिंध्यांनी हात पुसत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, ‘‘बरं झालं. आता ह्यो कप घेऊन जा आन् तिच्या सासूला दाव. म्हणावं, आमच्या घरचा माणूस आला न्हाई, त्याच्याबदली ह्यो आलाय.’’ शेजारचे फिटर हसले. तुम्ही हसला नाहीत. तसेच ऑइलच्या कपड्यांनी स्टँडवर गेलात, मिरजेला गाडी बदललीत, आणि चतुर्थी संपता संपता आक्काच्या दारात पोचलात. तिनं भावाचा उपवास धरला होता. ज्या भावासाठी धरला तो आला नव्हता. नंतर आक्कानंच मला सांगितलं, ‘‘आबांच्या कापडास्नी लय वास येत व्हता रं. सासूबाई नाकाला पदर लावून बसल्या. पर मला तर वाटलं, कुणी तरी देवच आलाय.’’ पुढच्या वर्षी तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात बांधलंत, गाडी चुकायला नको म्हणून. ते घड्याळ परत मागितलं नाहीत.

त्यानंतर मी एकही पंचमी चुकवली नाही. तुम्ही गेलात, आई गेली, इस्लामपूरजवळचं घर गेलं, आक्काचं माहेर म्हणजे साताऱ्यातलं माझं भाड्याचं घर झालं, तरी मी जातच होतो. पण खरं सांगतो, नंतर नंतर त्यात काही उरलं नव्हतं. तिची गुरं, तिची शेती, मग दाजींचं आजारपण. ती यायची नाही. मी सकाळी जायचो, साडी द्यायचो, जेवायचो आणि संध्याकाळी परत. ती दारातनं म्हणायची, ‘‘आलास, झालं. लोकांनी बगितलं, बास.’’ आम्ही दोघंही तेवढ्यावर खूश होतो. निदान मी तरी होतो.

आणि त्या वर्षी तिचा फोन आला. दाजी दोन वर्षांपूर्वी गेलेले, मुलगा दूर सीमेवर. ‘‘ह्या पंचमीला मला ने,’’ ती म्हणाली.

‘‘कुठं?’’ मी विचारलं. खरंच विचारलं, आबा. इतक्या वर्षांत असं ती कधी म्हणालीच नव्हती.

‘‘कुठं म्हंजे? माहेराला. चार म्हैने झालं, मी कुणासंगं धड बोलले न्हाई. समोरची बाई बी त्वांडाला फडकं बांधून लांबनंच हात करती. म्हशीसंगं किती बोलू? ती बी आता मान फिरवती. दोन दिस ऱ्हाते तुझ्याकडं. तुझी बायको न्हाई तर न्हाई, मी करून घालते तुला. पुरणाची दिंडं करते.’’

मी ‘बघतो’ म्हणालो.

त्याच आठवड्यात जिल्ह्यातले काही कार्यकर्ते माझ्या मागे लागले की सणाला लोकांनी प्रवास करू नये, असं तुम्ही चार शब्द फोनच्या कॅमेऱ्यासमोर बोलून द्या, आम्ही ते सगळीकडं पाठवतो. किती दिवसांनी कुणी तरी मला बोल म्हणत होतं! मी पुस्तकांच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो आणि बोललो. चांगलं बोललो. प्रेम म्हणजे दारात जाणं नव्हे, यंदा प्रेम म्हणजे दारात न जाणं, असं काहीबाही. बोलणाऱ्याला एक वाईट खोड असते. बोलणं रंगात आलं की जिभेवर उदाहरण येतं, आणि सगळ्यात जवळचं उदाहरण सगळ्यात आधी येतं. मी म्हणालो, ‘‘माझीही बहीण आहे. सत्तरीला टेकलेली, एकटी. ती उंबऱ्यावर बसून माझी वाट पाहील. मी जाणार नाही!’’ हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. वाक्य तोंडातून गेलं आणि तेच ठरलं. दोन दिवसांत ते बोलणं मेढ्यापासून जतपर्यंत फिरलं. लोकांचे फोन आले. ‘गावोगावचे मुराळी तुमचं ऐकून थांबलेत,’ असं मला सांगत होते.

तिसऱ्या दिवशी आक्काचा फोन. समोरच्या बाईच्या पोरीनं तिला दाखवलं होतं.

‘‘लय भारी बोललास,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘जगाला सांगितलंस. आदी मला सांगायचं व्हतंस की रं.’’

मी म्हणालो, आक्का, ते बोलायचं म्हणून बोललो, मी पासासाठी अर्ज करतो, मिळाला तर येतोच. आणि अर्ज केला. सगळे जण तेव्हा दवाखान्याचं कारण लिहायचे. मी प्रवासाच्या कारणात लिहिलं, ‘पंचमीसाठी बहिणीला आणण्यास मुराळी म्हणून जाणे.’ मी स्वतःशी म्हणालो, खोटं कारण लिहिणार नाही, आपण तत्त्वाची माणसं. पण आत मला पक्कं ठाऊक होतं की सणाला कुणी पास देत नाही. खरं लिहायचं, म्हणजे नकार येईल, आणि नकार आला की आक्काला तोंड दाखवायला मी मोकळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पास आला. जाणे-येणे, दोन दिवस. अर्ज वाचणारा आपल्याच भागातला असणार. त्यालाही बहीण असेल.

गाडी ठरवली होती ती शेजारच्या चाचांची. अर्जात त्यांचंच नाव आणि गाडीचा नंबर होता, त्यामुळं पास त्यांच्याही फोनवर गेला. ते फाटकाशी येऊन उभे राहिले. ‘‘सर, पास आला की! मला वाटलं नव्हतं. टाकी भरून ठेवलीय. उद्या सातला निघू. ताईंसाठी मागं उशी टाकतो, रस्ता खराब हाय.’’

मी म्हणालो, ‘‘चाचा, रद्द करा.’’

‘‘का? बरं वाटत नाही का?’’

‘‘तसं नाही. मी लोकांना सांगितलंय.’’

चाचांनी तोंडावरचा रुमाल खाली केला. ‘‘लोकांना सांगितलंय ते लोकांसाठी ना, सर? ताईंना कोण आणणार?’’ त्यांनी रुमाल पुन्हा वर ओढला, ‘‘तुमची मर्जी,’’ म्हणाले आणि गेले. पुढं त्यांनी हा विषय कधी काढला नाही. अजूनही रोज सलाम करतात.

मला आजाराची भीती नव्हती. खरंच नव्हती. मला दिसत होता हद्दीवरचा तो नाका, आणि गाडीच्या काचेत डोकावणारा एखादा तरुण पोलीस, ज्यानं माझं बोलणं ऐकलेलं असेल. तो म्हणेल, ‘‘सर, तुम्ही?’’ एवढंच. माझ्या हातात पास असता, कायद्यानं मी बरोबर असतो. पण त्या दोन शब्दांना माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मी आक्काला फोन केला आणि सांगितलं, पास नाकारला.

‘‘नाकारला?’’ ती म्हणाली. ‘‘तुला? तुला वळखलं न्हाई व्हय त्यांनी?’’ आणि मग तीच मला समजावू लागली. ‘‘जाऊ दे. त्यांचं बी बरोबर हाय. एकाला दिला की धा जण मागत्यात. तू वाईट वाटून घिऊ नगंस. मी काय, समोरच्या पोरीला बलावते, दोघी मिळून नागोबा काढतो भिंतीवर. तू जेव मातर. उपाशी ऱ्हाऊ नगंस.’’ उपवास तिचा होता, आबा. माझ्यासाठी धरलेला. आणि ती मला जेव म्हणत होती.

भाद्रपदात ती आजारी पडली. मिरजेला नेलं. फोनवर एकदाच बोलली, धाप लागत होती. मला काही वेगळं म्हणाली नाही. म्हशीला कोण पाणी दाखवतंय, एवढं विचारलं. मुलगा सीमेवरून निघाला, पण तो वाटेत असतानाच ती गेली. तिला स्मशानात नेलं ते अनोळखी माणसांनी, अंगभर प्लास्टिक घातलेल्या. मीही गेलो नाही. तेव्हा तर खरोखरच कुणाला जाऊ देत नव्हते. निदान तेवढं खरं आहे.

तुम्ही विचाराल, मग आता म्हणणं काय तुझं? भाषण चुकीचं होतं का? नव्हतं. आजही तसा आजार आला तर मी हेच बोलीन, याहून मोठ्यानं बोलीन. गेलो असतो तर कदाचित मीच तो आजार तिच्या घरात नेला असता. आणि नसताही. दोन दिवस ती माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलली असती. चार महिन्यांचं साठलेलं बोलली असती, आणि मी ऐकलं असतं. याचा निकाल लागणार नाही, आणि निकालासाठी मी तुम्हाला लिहीत नाही. मला सलतं ते दुसरंच. मी थांबलो असतो आणि तिला सांगितलं असतं, ‘आक्का, पास आहे, पण मी येत नाही, का येत नाही ते ऐक,’ तर ते तत्त्व झालं असतं. ती भांडली असती. रडली असती. मी तिला भांडूसुद्धा दिलं नाही. माझ्या खोट्यावर तिनं भावाचा मोठेपणा उभा केला आणि गावभर सांगत फिरली. परवा तिच्या मुलानं तेच सगळ्यांसमोर सांगितलं. माईक माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं.

जन्मभर मी लोकांना सांगत आलो की सत्य उभ्यानं बोलावं. हे मी बसून लिहितोय. खरं तर हे भाच्याला लिहायला हवं. तो आहे, त्याला पत्ता आहे, तो वाचेल आणि मग माझ्याकडं पाहील. म्हणून तुम्हाला लिहिलं. आता हे कागद कपाटात पुस्तकांच्या मागं जातील. मी गेल्यावर कुणाला सापडले तर सापडले.

एक राहिलं. नाक्यावरच्या पोलिसाचं लिहिलं ते खरंच आहे, पण पुरतं नाही. चाचा फाटकातून वळले आणि मी दार लावून घेतलं, तेव्हा मला बरं वाटलं. इतका लांबचा रस्ता, ती उकाड्यातली गाडी, मग दोन दिवस तिच्या म्हशीच्या आणि भावकीच्या त्याच त्या गोष्टी. सगळं टळलं होतं. दुसऱ्या दिवशी, पंचमीला, मी भात-आमटी खाल्ली आणि दुपारी आडवा झालो. कित्येक महिन्यांत लागली नव्हती इतकी गाढ झोप लागली.