खडीसाखर, स्तवन आणि माझी गोळी

भावनगरनिवासी आदरणीय व्याही हर्षदरायभाई यांना पाटणहून अमुलखचा जय जिनेंद्र. विहीणबेनना नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा आता जिना मानतो की नाही ते कळवावं. आम्ही सगळे ठीक आहोत, मी दात सोडून.

दातांचं सांगायचं तर सुरुवात जरा खालून करावी लागेल. संवत्सरीला वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची ते प्रतिक्रमण तीन तासांचं, मध्ये ना उठता येत ना पाण्याचा घोट घेता येत, आणि मोठं स्तवन एकतीस वर्षं मीच म्हणतो. गेल्या वर्षी शेवटच्या कडव्यांना मी इतकी घाई केली की लोकांना वाटलं, मला भक्तीचा आवेग आला. (आवेग होता, भक्तीचा नव्हता.) म्हणून तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांकडून लघवी धरून ठेवायची गोळी आणली. घरी सांगितलं, भुकेची आहे. गोळी गुणाची निघाली. पण तिनं खालचं पाणी अडवलं ते अडवलं, वरचंही आटवलं. तोंड असं कोरडं की जीभ टाळूला चिकटली तर बोलावून आणावी लागे.

यावर मी आपल्या अकलेनं तोड काढली, खडीसाखर. दिवसभर एक खडा गालात. आपला चौविहार, सूर्यास्तानंतर तोंडात थेंब नाही, त्यामुळे सूर्य बुडायच्या आत चांगली मूठभर चघळून घ्यायची, की तोंड रात्रभर ओलं राहील. पुढे चूळ भरायचाही प्रश्न नाही. (व्रत मी अगदी काटेकोर पाळलं, हे लक्षात घ्यावं.) मागच्या आठवड्यात उपाश्रयात तालीम केली. वरचा ओठ दातांवर चिकटला तो खाली येईना. सगळ्यात करुण ओळीला मी दात दाखवून बसलो होतो. सविताबेन शेजारणीला म्हणाल्या, "अमुलखभाईंना यंदा फारच आनंद झालाय."

त्याच दिवशी दाढ ठणकली आणि मी तुमच्या लेकीच्या खुर्चीत जाऊन पडलो. सून दातांची डॉक्टर असली की सासऱ्याला तोंड उघडावं लागतं आणि गप्पही बसावं लागतं. किंजल म्हणाली, "पप्पा, दिवसाला किती खडे?"

"मी मोजत नाही."

"दातांनी मोजलेत. पाच किडलेत. औषध कुठलं चालू आहे?"

"भुकेचं."

"चिठ्ठी दाखवा."

दाखवली. तिनं वाचली, हसली नाही, हे तुमचे संस्कार. म्हणाली, लाळ हीच दातांची राखण. गोळीनं राखणदार घालवला आणि तुम्ही रोज संध्याकाळी साखरेला मुक्कामाला बोलावलंत. आता खडीसाखर बंद, दिवसा घोट घोट पाणी, सूर्यास्ताआधी दात घासून चूळ, आणि गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही, डॉक्टरांशी मी बोलते. चार दात वाचतील, एक गेला. तो काढताना मी मनात स्तवन म्हणत होतो. मनात जीभ अजिबात अडत नाही.

तेव्हा काळजी नसावी. यंदाही स्तवन मीच म्हणणार, हे निश्चित.

आपला,
अमुलख

ता.क. स्तवन यंदा तुम्ही म्हणावं अशी विनंती आहे. चार दिवस आधी या.

ता.क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात डॉक्टरांनी गोळी बदलली. तोंडाला पाणी सुटलं, पण नवी गोळी तीन तासांची हमी देत नाही. म्हणजे आता म्हणता येईल, बसवणार नाही. तरीही याच. मी उठेन तिथून तुम्ही धरा. व्याह्यांचा मान म्हणून अर्धं स्तवन तुम्हाला दिलंय असं मी उपाश्रयात आपल्या जैन संघाला सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर हो म्हणा. प्रतिक्रमण संपल्यावर सगळ्यांची क्षमा मागायचीच असते, त्यात हेही उरकून घेऊ.