रिकामी चरवी

कोल्हापूर, १९७४
गुरुवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. रोज गल्लीत म्हैस आणून दारातच धार काढून देणारा आमचा दस्तगीरमामा आज सकाळी म्हशीविना आला. हातात रिकामी चरवी.

"म्हशीनं पान्हा चोरला, सायेब. आज दूध न्हाय."

"एवढंच सांगायला आलात?"

"व्हय की! गिऱ्हाईक भांडं धुऊन वाट बघत बसतंय." आणि तसाच पुढच्या दाराला गेला.

दुपारी कचेरीत पोचलो, तर पेठेतल्या कोरड्या नळांवरचा माझा लेख संपादकांनी जाहिरातीसाठी उद्याच्या अंकातून काढून टाकलेला. उद्या छापून येईल, असा तिथल्या बायकांना मी शब्द दिलाय. म्हटलं, निदान लेख लांबला एवढ्या दोन ओळी तरी टाका. मामाचंही सांगितलं. ते हसले. "तुमचे वाचक काय भांडं घेऊन बसलेत?"

बसलेत की, नळाखाली! पण हे तिथे सुचलं नाही, जिना उतरताना सुचलं. वीस वर्षं लिहून काय उपयोग?

ती चरवी डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या पेपर पडायच्या आत पेठेत जाऊन सांगायला हवं. रिकाम्या हातानं. मामाला ते इतकं सहज कसं जमलं?