तोंड फिरवायचा प्रसंग

मखमलाबाद, नाशिक
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय योगिनीताईस,

शेखरचा नमस्कार. दाजींनाही सांग. त्यांना दाजी लिहिलं तर चालेल ना, तेवढं कळव. इकडे सगळे ठीक. झेंडू संपला, आता शेवंती निघते आहे. आई अजून पहाटेच फुलांची पाटी घेऊन पंचवटीत बसते.

तिथे मध्यंतरी एका मालिकेचं शूटिंग झालं. जुन्या काळी फार बदनाम झालेल्या कादंबरीवरची मालिका. नवऱ्याला सोडून दुसऱ्याबरोबर गेलेली बाई माहेरच्या आळीत परत येते आणि आळीतल्या बायका तिला पाहून तोंड फिरवतात, असा प्रसंग. त्यासाठी बाजारातल्याच बायका घेतल्या. आई नऊवारीतली, म्हणून तिला पुढे उभं केलं. मी बघायला गेलो होतो.

नटी आली. सगळ्यांनी तोंड फिरवलं. आई मात्र पुढे झाली, तिला कुंकू लावलं आणि पाटीतली शेवंती ओंजळीने तिच्या पदरात घातली. शूटिंगवाल्यांनी थांबवलं, समजावलं, पुन्हा घेतलं. आईने पुन्हा ओटी भरली. त्यांचा माणूस वैतागला. म्हणाला, आजी, हे सगळं खोटं आहे हो.

“खोटं का असंना. लेक दारात आली, तिला रिकाम्या वटीनं कशी लावून देऊ?”

मग तिला मागे बसवलं. अण्णांनी ही गंमत गावभर सांगितली. तुझं नाव कोणी काढलं नाही.

आता मुख्य लिहितो. माझं लग्न ठरलं. मुलगी सिन्नरची, दीपमाला. बैठकीत तिचे मामा म्हणाले, थोरली मांडवात दिसायला नको. अण्णा म्हणाले, आम्हाला थोरली नाहीच. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई चहा घेऊन दारात उभी होती.

ताई, मी “चालेल” म्हणालो.

आईने तोंड फिरवलं. शूटिंगला तिला शिकवत होते, अगदी तसंच. फक्त आधी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून ती मला जेवायला वाढते, पण बोलत नाही. लग्न मोडायची हिंमत माझ्यात नाही, हे मला आता कळलं आहे. म्हणून तू येऊ नकोस. करवली म्हणून दुसऱ्या कोणाला मी सांगितलेलं नाही. माझ्या मागची जागा मोकळीच राहील.

पत्ता लिहून पाकीट ठेवलं होतं, तर आईने त्यात खण आणि मूठभर तांदूळ घालून ठेवले. पाकीट फुगलं आहे. वाटेत फाटू नये म्हणून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावतो आहे. पदर पसरून उघड, सांडतील.

तुझा भाऊ म्हणवून घेणारा,
शेखर