एका माणसाची होडी

४ जानेवारी २००४, रविवार

शी! अजून हाताला वास येतोय.

पेपरात बारीक जाहिरात होती — कयाक विकणे, सामानासकट. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद होडी. एकच वल्हं, त्याला दोन्ही टोकांना पातं. आगाशीच्या पुढे समुद्राकाठी एक बंद पडलेलं रिसॉर्ट आहे, तिथं जायचं होतं. बसमध्ये बसल्या बसल्या चौथीतली होडीची कविता आठवत होतो. गुरुजी पट्टीनं टेबलावर ठेका धरायचे. आमच्या माणदेशातल्या ओढ्याला वर्षातून पंधरा दिवस पाणी, पण आम्ही पोरं डोळे मिटून थेट समुद्रात!

आणि तिथं काय? वाळक्या झावळ्यांखाली पालथी पडलेली पिवळी होडी. उचलली तर खाली कुत्रीची पिल्लं. तळाला हातभर चीर, चिरेवर डांबर फासलेलं. रखवालदार शत्रुघ्न म्हणाला, नऊ हजार. मी चिरेकडे बोट केलं, तर म्हणतो, "डांबर नवं आहे."

रिकाम्या हातानं यायचं नाही म्हणून दीडशे रुपये देऊन नारिंगी जॅकेट घेतलं, बुडू नये म्हणून घालायचं ते. त्याच्या खिशात पालीची अंडी निघाली. घरी आल्यावर बायकोनं, जयवंतीनं, ते चिमटीत धरून गॅलरीच्या कठड्यावर टाकलं.

५ जानेवारी

होडीचं खूळ डोक्यात का शिरलं, ते लिहून ठेवतो.

जयवंतीची थोरली बहीण बायजा खाडीपलीकडे अंथरुणाला खिळली आहे. दिसायचंही बंद झालंय. बंधाऱ्यावर उभं राहिलं की पलीकडे त्यांच्या देवळाचा कळस दिसतो, इतकं जवळ! पण माणसं होडीतून पलीकडे नेणारा तरीवाला वारला आणि तर बंद पडली. रस्त्यानं जावं तर लांबचा वळसा, शेवटी मिठागरांच्या कडेनं अर्धा तास पायी. जयवंतीच्या गुडघ्यांना आमच्या इमारतीचे दोन मजले होत नाहीत. सहा वर्षं झाली बहिणी भेटल्या नाहीत. खाडीत आता फक्त रेती काढणाऱ्यांच्या बोटी — त्यांत चढायचं तर शिडीनं.

मी तिला सांगितलं, होडी घेऊ दे, मी वल्हवत जाईन आणि बायजाची खुशाली आणीन.

"दोन माणसांची नसते का?"

असते, पण महाग. आणि तुझे गुडघे! एवढं बोललो तर उठून कुकर लावायला गेली.

११ जानेवारी

वसई पूर्वेला हितेशचा फायबरचा कारखाना. पाण्याच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवतो. आत पाऊल टाकताच डोळ्यांतून पाणी. काय तो दर्प! कामगार तोंडाला फडकं न बांधता उभे, नखं पिवळी. मी चित्र काढून दाखवलं.

"घसरगुंडीच आहे काका, दोन्हीकडून बंद केली की झालं."

कवितेतल्या होडीचं हे असं झालं. एका माणसाची सहा हजार, दोन माणसांची साडेनऊ. एकाचीच सांगितली. रंग विचारला, तर घसरगुंडीचा उरलाय तोच मिळेल. म्हणजे गुलाबी! वल्हं कुठून आणायचं? अॅल्युमिनियमचा पाइप आणि फायबरची दोन पाती, तेही तोच करतो म्हणाला.

१८ जानेवारी

जयवंतीनं जॅकेट तीनदा धुतलं. तरी कुबट वास आहेच.

२५ जानेवारी

तिनं जॅकेट उसवलं. आतल्या थर्माकोलचा भुगा झाला होता. मुंबईहून नवा फोम मागवून घेतला, पट्टे बदलले, रात्रंदिवस मशीन चालू. आज घालून पाहिलं तर छातीवर बक्कल लागेना! आखूड शिवलंस म्हटलं.

"पोट आत घ्या."

आत घेतलं. तरी लागेना. तोंडात सुया धरून बसलेल्या बाईशी वाद काय घालणार? वैताग!

८ फेब्रुवारी

होडी आली. गुलाबी. टेम्पोतून उतरवताना गल्लीतली पोरं "केक आला" म्हणाली.

थेरेसाबाईंच्या वाडीत ठेवली आहे. जयवंतीची जुनी मैत्रीण. लग्नाआधी दोघी वसईच्या बाजारात शेजारी शेजारी बसायच्या, ही वांगी घेऊन, ती विड्याची पानं घेऊन. वाडीत बावखल आहे, शिंपण्यासाठी खणलेलं तळं. म्हटलं, खाडीआधी इथं सराव करू.

बसलो. एक हात मारला. दुसरा मारण्याआधीच आकाश खाली, मी वर — नाही, उलट! नाकातोंडात शेवाळ. काहीतरी बुळबुळीत सदऱ्यात शिरलं ते घरी येईपर्यंत तिथंच होतं. थेरेसाबाई काठावरून शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, अंघोळ नंतर करा, मला आधी भेंडी शिंपू द्या." मग पदरानं तोंड पुसत जयवंतीकडे बघून म्हणाल्या की हिला बसवा, ही बापाच्या होडीतून भाताचे भारे आणायची.

तेव्हाच्या गोष्टी तेव्हा. मी अंग पुसायला पंचा मागितला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आजच्याइतका स्वतःचा कंटाळा कधी आला नव्हता.

भर बारा वाजता टेम्पोनं होडी बंधाऱ्यावर नेली. खाडीत पाणीच नाही! होतं, पण शंभर पावलांवर. मध्ये नुसता चिखल. चिखलात काय नव्हतं! दुधाच्या पिशव्या, मेलेली घूस, गणपतीमागची थर्माकोलची कमान, आणि नालासोपाऱ्याकडून आलेलं काळं गटार. हीच का ती निळी खाडी? तीस वर्षं टेलिफोन खात्यात खिडकीशी बसून हिच्यावर जीव टाकला मी?

तरी निघालो. गुडघ्यापर्यंत रुतलो. एक चप्पल आत राहिली ती राहिलीच. रेतीच्या बोटीवरचा एक जण ओरडला, "बाबा, पानी संध्याकाळी येनार!"

घरी दारातच जयवंतीनं पायांवर बादली ओतली. म्हणाली, आज अष्टमी. अष्टमीला भरती सहाला.

तुला कसं ठाऊक? तर तिथीला पाऊणपट करायची म्हणे. आठाची पाऊणपट सहा. लहान पोरालाही येतं.

मग सकाळी का नाही सांगितलंस?

"तुम्ही विचारलं होतं?"

१४ फेब्रुवारी

विचारलं. बीजेला भरती दीडला. त्या वेळी पाणी थोडा वेळ थांबतं, ना आत ना बाहेर. तेव्हा पार व्हायचं. बीज रविवारी, बावीसला.

मी म्हटलं, ठीक, बायजाला काय निरोप सांगू?

तिनं निवडायच्या तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "सहा वर्षं निरोपच ऐकतेय. मला तिच्या डोक्याला तेल लावायचंय."

२२ फेब्रुवारी, रविवार

पाणी काठोकाठ. घाण तरंगत होतीच, पण तिच्यावर ऊन पडलं होतं.

मी जॅकेटशी झटत होतो. जयवंतीनं ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः घातलं. बक्कल खट्‌कन लागलं. सगळे पट्टे जिथल्या तिथे! कोणाच्या मापाचं होतं ते मला तेव्हा कळलं. महिनाभर मी पोट आत घेत होतो!

मी म्हणालो, अगं, गुडघे!

"होडी गुडघ्यांनी चालवतात होय?"

थेरेसाबाईंनी आणि मी धरून तिला बसवलं. काष्टा घातला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत तेलाची बाटली. वल्हं हातात घेऊन तोललं, लांब आहे म्हणाली, आणि पाण्याला लावलं. एकदाच डगमगली. मग डावं, उजवं, डावं — न थांबता, खांद्यातून. माझ्यासमोर गेली कित्येक वर्षं ही बाई कण्हत जिने चढते. असे खांदे चाळीस वर्षांच्या संसारात मी पाहिले नव्हते.

सतरा मिनिटं लागली. पलीकडे गुलाबी ठिपका थांबला, दोन माणसं पाण्यात उतरली.

मी काठावर. हातात तिच्या चपला. कवितेची एकही ओळ आठवेना.

२३ फेब्रुवारी

सव्वादोनच्या भरतीला बंधाऱ्यावर गेलो. आली नाही. संध्याकाळी तिकडून फोन — अजून दोन-चार भरत्या राहते म्हणाली.

फोन ठेवून तसाच हितेशकडे गेलो. दोन माणसांची सांगितली. मागे बसून वल्हवणार कोण, त्याच्या हातांच्या मापाचं वल्हं करतो म्हणाला. म्हटलं, थांब, ती आली की माप देईल. मी पुढे. नुसता बसणारा.