अठरा तारीख

९ ऑगस्ट २००३

आप्पा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. माफ करा. आज हे सांगायला दुसरं कोणी सापडलं नाही.

अर्नाळ्याच्या बर्फाच्या कारखान्यातली तुमची ऑपरेटरची नोकरी मी सोडतोय. वसईच्या एका शीतगृहात काम मिळालंय. "एक तारखेला या," असं तिथले मॅनेजर म्हणाले. मी अठरा मागितली. नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात जातात, त्याआधी दोन महिने बंद असलेलं यंत्र चालू करायचं असतं, आणि माझ्या जागी घेतलेला आगाशीचा माणूस अगदी नवखा. मॅनेजर हसले नाहीत. "अठरा म्हणजे अठरा. एकोणीसला तुमच्या खुर्चीत दुसरा असेल."

आज यंत्र चालवून पाहिलं. गंधकाची पेटती कांडी पाइपावरून फिरवत नेली, तर मोठ्या व्हॉल्व्हपाशी पांढरा धूर उठला. अमोनिया गळतोय. मी कॉलेजात असताना एकदा तिथेच उभा राहून "वास तर येत नाही" म्हणालो होतो, तेव्हा तुम्ही किती चिडलात! "नाकावर विसंबतोस? नाक चार दिवसांत सवयीचं होतं."

शेठना धूर दाखवला. "अरे, तुझे आप्पा यातच तीस वर्षं उभे होते. हंगाम सुरू होऊ दे, मग बदलू." बर्फाची चौकशी करायला आलेली कोळीण दारातून म्हणाली, "शेट, याला आता वसईची हवा लागली. आपल्या कारखान्यात वास येनारच!" सगळे हसले. मीही हसलो. तिचा नवरा हंगामभर त्याच पाइपाखाली लाद्या ओढतो.

मी म्हटलं, मी चालू करणार नाही. शेठ शांतपणे म्हणाले, "नको करू. सोमवारी नवा करेल."

तुम्हीही दुसरी नोकरी तीनदा पुढे ढकललीत, दर वेळी एवढा हंगाम म्हणून. शेवटी तुमचा खोकला पलीकडच्या आळीत ऐकू जायचा. मला वाटायचं, शेठच तुम्हाला सोडत नाहीत. पण आप्पा, अठरा तारीख माझ्याकडे कोणी मागितली नव्हती. माझ्यावाचून यंत्र नीट चालू झालं तर, याचीच मला भीती होती.

उद्या: आगाशीला नव्या माणसाच्या घरी जाणे, आणि व्हॉल्व्हच्या गळतीचं आणि तुमच्या खोकल्याचं त्याच्या बायकोसमोर सांगणे.